मार्थाआत्यानं शिव्या सोडल्या तेव्हा

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. ते म्हणायचे, "आमच्या ताईचं एक वाक्य छापायचं ठरलं ना, तर प्रेसमधल्या सगळ्या फुल्या संपतील, आणि शेजारच्या प्रेसमधून मागून आणाव्या लागतील." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी मार्थाआत्या. अर्थात हे ते तिच्या पाठीमागे म्हणत. तोंडावर म्हणायची छाती आमच्या घरात कोणाचीच नव्हती, आणि लालबागच्या त्या चाळीतही फार थोड्यांची होती.

आत्या दिसायला चिमणीएवढी. नगरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली, नवरा लवकर गेला, आणि ती भावाच्या एका खोलीत राहायला आली ती कायमची. गिरणीत वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रांवर होती. तिथं यंत्रांचा असा गदारोळ, की शेजारणीला 'सूत संपलं' एवढं सांगायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. त्यामुळे त्या चिमणीएवढ्या देहातून जो आवाज निघायचा तो गिरणीच्या भोंग्याचा धाकटा भाऊ वाटावा असा. त्या आवाजात ती रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गीतं गायची, जेवणाआधी उपकारस्तुती करायची, आणि त्याच आवाजात शिव्या द्यायची. या तिन्हींत काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नाही. शिवी हे तिच्या लेखी पाप नव्हतंच, विरामचिन्ह होतं.

बरं, शिव्याही आयत्या घेतलेल्या नसत. रस्त्यावरच्या आईबहिणीच्या शिव्यांना ती 'आळशी माणसाची कामं' म्हणायची. ती समोरच्या माणसाच्या मापाची शिवी शिवून द्यायची. दूधवाल्यानं पाणी जास्त घातलं तर, "तुझ्या मयताला पाण्याऐवजी तुझंच दूध पाजतील रे मुडद्या!" खालच्या मजल्यावरची एक सासू सुनेला फार छळायची, तिला, "तुझ्या सुनेला भजनाचा नाद लागो, आन् तुला बहिरेपण न येवो!" एवढा भाग सांगता येतो. यापुढचा फुल्यांचा, आणि माझ्या वयाच्या बाईनं तो कागदावर उतरवू नये. पाठ आहे मात्र सगळा.

तिच्या या कलेचं खरं रणांगण म्हणजे चाळीचा नळ. पहाटेचा भोंगा झाला की नळाच्या नरड्यात आधी घर्रर्र असा आवाज यायचा, मग दोन शिंका, आणि मग पाण्याची करंगळीएवढी धार. तोवर हंडे-कळश्यांची रांग जिन्यापर्यंत गेलेली असायची. रांगेत आमचा हंडा नेहमी पुढं, कारण त्याच्यामागे मार्थाआत्या उभी असायची. सगळ्या चाळीत तिला तोडीस तोड अशी एकच बाई होती, आमच्यापासून तिसऱ्या खोलीतली सावंतीण. मालवणकडची, अंगानं आत्याच्या तिप्पट, नवरा त्याच गिरणीत लूमवर. सावंतीण मालवणीत सुरू व्हायची आणि आत्या नगरी बोलीत उत्तर द्यायची, आणि वरच्या गॅलरीत लोक राखुंडीचं बोट दातांवर तसंच ठेवून ऐकत उभे राहायचे. एकीनं नवीन काही काढलं की वरून "वा!" अशी दादही मिळायची. गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी सावंतीण तिरफळ घातलेली वाटीभर बांगड्याची आमटी पदराखाली झाकून आणायची, आणि आत्या तिला शेंगोळ्यांचं वाडगं द्यायची. सकाळच्या भांडणाचा उल्लेखसुद्धा होत नसे. आम्हा मुलांनाही तो दिवसाचा एक भागच वाटायचा, शाळेत घंटा असते तसा.

आणि मग तो रविवार आला. आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी खुली प्रार्थना असायची. ज्याला आतून वाटेल त्यानं उभं राहून प्रार्थना करायची. आत्या एरवी कधी उठली नव्हती. पण त्या आठवड्यात तिच्या खात्यातल्या एका गरोदर पोरीला जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, कामावरून काढलं होतं. पोरगी रडत घरी गेली होती, आणि आत्याला दोन रात्री झोप नव्हती. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, डोळे गच्च मिटले. "हे प्रभू," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजानं पेटीवर ठेवलेलं गीतांचं पुस्तक हललं. पहिली दोन वाक्यं छान झाली. पोरीसाठी दया मागितली, तिच्या पोटातल्या बाळासाठी मागितली. मग म्हणाली, "आन् प्रभू, त्या जॉबरकडं जरा बघ," आणि तिथून तिची जीभ घसरली. डोळे मिटलेले असल्यामुळे आपण कुठं आहोत हे ती विसरली असावी. त्या जॉबरला काय काय व्हावं, त्याच्या कुठल्या अवयवाला व्हावं, आणि त्याच्या वाडवडिलांनी कोणत्या प्राण्यांशी सोयरीक केली असावी, हे तिनं परमेश्वराला सविस्तर सांगितलं. अत्यंत कळकळीनं. एका शब्दातही खोट नव्हती.

मंडळी गार. माझ्या आईनं माझ्या कानांवर हात ठेवले, पण तिचे हात लहान आणि माझे कान मोठे. पप्पा गुडघ्यांत डोकं घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते रडत होते असं आई पुढं कित्येक वर्षं लोकांना सांगायची. आत्या थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, "हे तुझ्या पुत्राच्या नावानं मागते." कोणाच्याही तोंडून आमेन फुटेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून ढगेमास्तर, जे दोन्ही कानांनी ठार बहिरे होते आणि फक्त लोकांच्या माना बघून उठत-बसत, खणखणीत आवाजात म्हणाले, "आमेन!"

आत्यानं डोळे उघडले. माझ्यासमोर तिचा चेहरा होता. आधी तिला कळलंच नाही, आणि मग कळलं. ती खाली बसली ती उपासना संपून चर्च रिकामं होईपर्यंत उठली नाही. त्या दिवशी घरी रविवारचं मटण होतं. तिनं नळीसुद्धा पप्पांच्या ताटात सरकवली. असं आधी कधीच झालं नव्हतं.

संध्याकाळी आमचे पाळक घरी आले. उंच, शिडशिडीत, हळू बोलणारे गृहस्थ. आत्या स्टोव्हमागे जाऊन बसली. ते पाटावर बसले, चहा घेतला, आणि जणू काही हवापाण्याच्या गोष्टी बोलावं तसं म्हणाले, "मार्थाबाई, तुमची तक्रार देवापर्यंत पोचली असणार. त्याबद्दल मला शंका नाही."

"थट्टा करू नका, पाळकसाहेब," स्टोव्हमागून आवाज आला. "त्याच्या दारात उभी राहून मी घाण केली."

"तुम्हाला त्या पोरीबद्दल वाईट वाटलं. ते चांगलं होतं."

"ते चांगलं व्हतं, आन् तोंड वाईट. एकाच बाईत दोन्ही कसं? आता तोंड तरी सोडते नाहीतर चर्च तरी सोडते."

पाळक म्हणाले, "चर्च सोडू नका. आमच्याकडं एवढ्या मोठ्यानं गाणारं दुसरं कोणी नाही." आणि उठून गेले. आत्यानं त्या रात्री जेवणाआधीच्या प्रार्थनेत सांगून टाकलं, की प्रभू, उद्यापासून शिवी बंद. पप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी पप्पांकडं. आईनं मात्र लगेच विचारलं, "ताई, उद्या सोमवार. आणि नळ?"

आता इथं मला थांबून एक सांगायला हवं. माझी नात सारखी म्हणते, आजी, देवानं एका क्षणात बदलून टाकलं असं सांग ना, छान वाटतं. तसं झालं नाही. पहिल्या आठवड्यात आत्यानं जे केलं ते बघून देवालाही हसू आलं असेल.

तिनं असं ठरवलं, की शिवी वाईट, पण शास्त्रातला शब्द तर पवित्र. मग शिवीच्या जागी शास्त्रातला शब्द घालावा. सोमवारी सकाळी सावंतीणीनं आपली कळशी आमच्या हंड्यापुढं सरकवली. आत्यानं श्वास भरला, गॅलरीत राखुंडीची बोटं थांबली, आणि आत्या गरजली, "अगं ए पलिष्टी!"

सावंतीणीनं कळशी खाली ठेवली. "काय म्हटलंस?"

"पलिष्टी! परुशी! जकातदारीण!"

पलिष्टी म्हणजे जुन्या काळी देवाच्या लोकांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर धरलेली जमात, परुशी म्हणजे चारचौघांत लांबलचक प्रार्थना करणारे ढोंगी लोक, आणि जकातदार म्हणजे कराच्या नावाखाली लोकांना लुबाडणारे, हे सावंतीणीला कुठून ठाऊक असणार? न कळणारी शिवी कळणाऱ्या शिवीपेक्षा जास्त झोंबते. ती पार हादरली. घरी जाऊन तिनं नवऱ्याला विचारलं, त्यानं गिरणीत विचारलं, कोणालाच अर्थ लागेना. शेवटी तिनं मला जिन्यात गाठून, हातात खोबऱ्याची वडी ठेवून विचारलं, "चेडवा, खरा सांग, परुशी म्हणजे लय वायट काय गो?" मी वडी संपवली आणि म्हणाले, "फारच वाईट."

आठवड्याभरात सगळ्या चाळीतली पोरं एकमेकांना पलिष्टी म्हणू लागली. गोट्या खेळताना कोणी रडीचा डाव खेळलं तर "जकातदार साला!" तेव्हा लालबाग-परळात भिंत कोरी दिसत नसे. गेरूनं, चुन्यानं, डांबरानं सगळीकडं एकच मागणं लिहिलेलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. गिरणीच्या दारावर सभा, नाक्यावर सभा, आम्ही पोरंसुद्धा फडक्यांचे झेंडे करून गॅलरीत मोर्चे काढायचो. चाळीतल्या बायांचा एक मोर्चा निघायचा होता आणि त्यात घोषणा द्यायला आत्याशिवाय दुसरं कोण असणार? चष्मेवाल्या एका कार्यकर्त्यानं तिला पुढं उभं केलं. पहिल्या काही घोषणा शिकवल्याप्रमाणे झाल्या. मग हिंदमाता थेटराच्या आसपास आत्याला स्फूर्ती आली आणि तिनं मूठ उगारली, "परुशी सरकार!" आणि मागून पन्नासेक मालवणी बायांनी, त्यात सगळ्यात मोठ्यानं सावंतीणीनं, उत्तर दिलं, "चले जाव!"

कार्यकर्ता धावत आला. "बाई, हे परुशी कोण? आपल्या यादीत नाहीत. दिल्लीतले का मुंबईतले?"

"सगळीकडं असत्यात," आत्या म्हणाली आणि पुढं चालू लागली.

ही बातमी पाळकांपर्यंत गेली. ते पुन्हा आमच्या पाटावर येऊन बसले. या वेळी त्यांना हसू आवरत नव्हतं, चहा दोनदा बशीत सांडला. पण हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मार्थाबाई, पलिष्टी म्हणताना आत काय होतं हो?"

आत्यानं त्यांची बशी पुसून दिली. "तेच व्हतं," ती म्हणाली. "आधी व्हतं तेच. नुसती चोळी बदलली."

"मग?"

"मग काय करू सांगा. मला राग येतो. खरा येतो. कोणी लबाडी केली की हितं जाळ होतो." तिनं छातीवर हात मारला. "तो जाळ आला की तोंड कुठं न्यायचं मी?"

"आधी प्रभूकडं न्या. ज्याचा राग आला त्याच्याकडं नंतर."

"प्रभूला सांगू? ह्या असल्या भाषेत?"

"त्याला सगळ्या भाषा येतात," पाळक म्हणाले. "एकट्यात सांगा म्हणजे झालं."

मला वाटतं, आत्याच्या आयुष्यातला खरा बदल त्या 'एकट्यात'पासून सुरू झाला. एका खोलीच्या घरात एकटं कुठं असणार? तिनं मोरी निवडली. राग आला की ती मोरीत जायची, फडक्याचा पडदा ओढायची आणि उकिडवी बसून प्रभूशी बोलायची. मी पडद्याला कान लावायचे. पहिल्या दिवसांत तिथून जे ऐकू यायचं त्यानं माझं शब्दज्ञान फार वाढलं. ती कुजबुजायची, पण तिची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं. "प्रभू, त्या सावंतीणीला..." आणि पुढं फुल्याच फुल्या. मग जराशी शांतता. मग, "बरं, राहू दे. तेवढं नको. तिला संधिवात आहे आधीच." पुढं पुढं फुल्या कमी होऊ लागल्या आणि शांतता लांबत गेली. एकदा मी कान लावला तर आत नुसतंच, "प्रभू... प्रभू... प्रभू," आणि पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पण नळाला यातलं काही कळत नव्हतं. आत्या रांगेत गप्प उभी राहायला लागली, आणि आमचा हंडा मागे मागे सरकत जिन्याजवळ गेला. कोणीही यावं, कळशी पुढं घालावी. आत्याचे ओठ हलायचे, ती मोरीच्या दिशेनं बघायची आणि रिकामा हंडा घेऊन परतायची. पप्पा दोन-दोन दिवस दाढी न करता छापखान्यात जाऊ लागले. आईनं वरणात पाणी कमी घालायला सुरुवात केली. एक दिवस तिचा धीर सुटला. "ताई," ती हात जोडून म्हणाली, "एकच शिवी. मोठी नको, बेताची. फक्त आजच्यापुरती."

आत्या म्हणाली, "वहिनी, मी पहाटे लवकर उठून पलीकडच्या चाळीतून दोन खेपा आणीन. पण ते मागू नकोस. एक दिली की मागची सगळी पिलावळ येईल."

आणि ती खरंच पलीकडच्या चाळीतून खेपा आणू लागली. वायंडिंगला आठ तास उभं राहून आलेली बाई डोक्यावर हंडा घेऊन तीन जिने चढायची. मी तेव्हा तिच्या हट्टावर चिडायचे. आज माझ्या अँटॉप हिलच्या घरात नळ फिरवला की पाणी येतं, आणि कधी कधी उगीचच मला तिची ती वाकलेली मान दिसते.

सगळ्यात जास्त बिनसलं ते सावंतीणीचं. तिला वाटलं होतं आपण जिंकलो. दोन-चार दिवस तिनं पहिल्या नंबरानं पाणी भरलं, मग तिचा चेहरा उतरत गेला. ती मुद्दाम आत्याच्या हंड्याला पाय लावायची, मुद्दाम शिंतोडे उडवायची, नवीन नवीन शिव्या जुळवून यायची. आत्या नुसती मान हलवायची. वाटीतून येणारी आमटी बंद झाली. एक दिवस सावंतीण आमच्या दारात येऊन उभी राहिली. कमरेवर हात, डोळे लाल.

"काय गो मार्था, मी मेलंय काय तुझ्या लेखी?"

"असं का म्हणतेस?"

"मग भांडनस कित्याक नाय माझ्याशी? आजूबाजूक कुत्रा भुकला तरी माणूस हाड म्हणता. माका तू हाडसुद्धा म्हणनस नाय!"

आत्या गोंधळली. बाकी कशाचीही तिनं तयारी केली होती, याची केली नव्हती. "तुझ्यावर राग न्हाई माझा," ती हळूच म्हणाली.

"राग नाय!" सावंतीण किंचाळली. "राग नाय म्हणता मेली!" आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. त्या संध्याकाळी आत्या मोरीत गेली ती खूप वेळ आली नाही. मी कान लावला. आत ती म्हणत होती, "प्रभू, आता ह्याचं काय करायचं ते तूच सांग. माझी अक्कल संपली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत शहर पेटलं. त्या दिवशी सकाळपासून हवेत काहीतरी वेगळं होतं. भोंगा झालाच नाही. पप्पांना आईनं प्रेसला जाऊ दिलं नाही. नाक्याकडून घोषणांचा आवाज येत होता, मग पळापळीचा, मग अश्रुधुराचा वास गॅलरीपर्यंत आला आणि आम्ही ओली फडकी नाकाला लावून बसलो. दुपारी फट्‌ फट्‌ असे आवाज आले. आधी कोणीतरी म्हणालं फटाके. मग आईनं मला आत ओढलं. गोळीबार झाला, माणसं पडली, किती ते ठाऊक नाही, अशी बातमी जिन्यानं वर आली आणि पाठोपाठ संचारबंदी लागली. रस्ता असा रिकामा झाला की ट्रामच्या रुळांवर एक कावळा चालताना दिसला.

चाळीतली सगळी माणसं मोजली गेली. एक कमी होतं. सावंत सकाळी मोर्चात गेले होते ते परत आले नव्हते.

सावंतीण गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती. एवढी मोठी बाई, पण कठडा सुटला तर पडेल अशी दिसत होती. बाया तिच्या भोवती होत्या, कोणी पाणी देत होतं, कोणी आपल्या देवाला गाऱ्हाणं घालत होतं, कोणी सरकारला आणि पोलिसांना शिव्या देत होतं. ती काही ऐकत नव्हती. एकाएकी ती वळली, गर्दी बाजूला सारत आमच्या दारात आली.

"मार्था, तुझ्या देवाक सांग."

आत्या उठून उभी राहिली. तिचा रंग उडाला होता. "मी मनात सांगतेच आहे गं, मघापासून."

"मनात नको. मोठ्यान सांग. तुझो आवाज मोठो असा. माका आयकाक येऊ दे."

आत्या कशाला घाबरली होती हे आमच्या घरातल्या आम्हा तिघांनाच माहीत होतं. चर्चमधल्या त्या रविवारपासून तिनं चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. आणि आज तर छातीत जाळ व्हायला कारण होतं. तिनं पप्पांकडं पाहिलं. पप्पा म्हणाले, "कर ताई."

ती गॅलरीत आली. सावंतीणीचा हात हातात घेतला, डोळे मिटले. "हे प्रभू," ती म्हणाली, आणि सगळा मजला गप्प झाला. "सावंतभावजींना घरी आण. चालत आण. हातीपायी धड आण. ही बाई बाहेरून दांडगी आहे, आतून न्हाई. हिला एकटी ठेवू नको. मला ठावं आहे एकटी म्हंजे काय ते." ती थांबली. "आन् प्रभू, ज्यांनी गोळ्या घातल्या..."

मी डोळे उघडले. आईनंही उघडले. पप्पांच्या खांद्यांची आज हालचाल नव्हती. आत्याच्या गळ्यातली शीर ताठ झाली होती, तिचा जबडा हलत होता, शब्द ओठांपाशी येऊन उभे होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. शेजारच्या बाया तर त्याचीच वाट बघत होत्या. कोणीतरी पुटपुटलं, "सांग, सांग, वाटोळं होऊ दे त्यांचं." आत्या तशीच उभी. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून हनुवटीपर्यंत गेलं.

"ज्यांनी गोळ्या घातल्या," ती म्हणाली, आणि हे मात्र अगदी हळू, आम्हाला कान द्यावे लागले, "त्यांच्याबी घरी कुणीतरी असंच गॅलरीत उभं असंल. त्यांनाबी घरी आण. आन् पुन्हा त्यांच्या हातनं असं होऊ देऊ नको. मला त्यांचा राग येतोय, प्रभू. लई येतोय. तो तू धर. माझ्याच्यानं धरवत न्हाई."

आम्हा तिघांचं आमेन हळूच झालं, बाकी कोणी म्हणालं नाही, त्यांना तो शब्द माहीतच नव्हता. पण सावंतीणीनं आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिप्पट अंगाची बाई, आत्या जराशी वाकली, पण पडली नाही.

दिवस कलता कलता सावंत आले. मागच्या बोळातून, भिंत चढून. एका पायात चप्पल, सदरा फाटलेला, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक. कोणी किंचाळलंसुद्धा. पळापळीत ते एका पावाच्या भट्टीत शिरले होते आणि दिवसभर मैद्याच्या गोणींमागे बसले होते. सावंतीणीनं त्यांना वरपासून खालपर्यंत हात लावून पाहिलं. कुठं भोक नाही याची खात्री झाली. मग दोन पावलं मागे आली, कमरेवर हात ठेवले आणि सुरू झाली. ती त्या दिवशी जे बोलली तसं ना त्याआधी कोणी ऐकलं ना त्यानंतर. सावंतांचा जन्म, सावंतांची अक्कल, सावंतांचा मैदा, तिनं काही म्हणजे काही सोडलं नाही. सावंत मान खाली घालून, भुवयांवरचं पीठ झाडत, तृप्त चेहऱ्यानं ऐकत होते. बोलता बोलता तिला रडू फुटलं, तरी शिव्या थांबल्या नाहीत.

आत्या म्हणाली, "भावजी, हातपाय धुवा. आमच्या हंड्यात पाणी आहे."

संचारबंदीमुळे बाजार बंद होता. ज्याच्या घरी जे होतं ते गॅलरीत आलं. आमच्या बाजरीच्या भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, सावंतीणीची कुळथाची पिठी. सगळे ओळीनं भिंतीला टेकून जेवत होतो. सावंतीण आत्याच्या शेजारी बसली होती. बराच वेळ ती आत्याकडं तिरक्या नजरेनं बघत होती. शेवटी तिनं विचारलंच.

"मार्था, खरा सांग. तुका आता राग येना नाय?"

"येतो की. रोज येतो. सकाळी नळावर तुझाच येतो."

सावंतीणीचा चेहरा उजळला. "खरा?"

"देवाशपथ... न्हाई, शपथ नको. पण खरा."

"मग करतंस काय त्याचा?"

"देवाला सांगते. आधी लई सांगावं लागायचं. आता थोडक्यात भागतं."

सावंतीणीनं भाकरीचा तुकडा पिठीत बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावला. पलीकडं सावंत पाय पसरून घोरू लागले होते, त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग आत्याच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या देवाक एक विचार गो. अर्ध्यो शिव्यो सोडल्यो तर चालात काय? माझो घोव असो आसा, सगळ्यो माका जमूच्यो नाय."

आत्या हसली. महिनेच्या महिने दाबून ठेवलेलं, वायंडिंग खात्यातलं, सगळ्या मजल्याला ऐकू जाणारं हसू. हसता हसता तिला ठसका लागला, आईनं पाठीवर थोपटलं, पप्पांनी पाणी दिलं. मग तिनं तोंड पुसलं, हात धुतले, पदर डोक्यावर घेतला.

"थांब," ती म्हणाली. "विचारते." आणि तिनं खरोखरच डोळे मिटले.